माझा गोळ्यांचा साचा परत द्या : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

५ डिसेंबर २०२४ ला माझी बंदूक मला परत मिळाली. विधानसभेचा निकाल लागून बारा दिवस झाले होते आणि ठाण्यात माझ्या चार खेपा झाल्या होत्या. बंदूक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची, एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. ऑक्टोबरात निवडणुकीसाठी ठाण्यात जमा करताना मी तिला तेल दिलं होतं, नळीच्या तोंडात मेणाची चिंधी बसवली होती. परत आली तेव्हा चिंधी नव्हती. गज आत घातला तर करकरत खाली गेला आणि लाल गंज घेऊन वर आला. दस्त्याला बोटभर चीर, निपल (टोपी बसवायची नळी) वाकडं. बंदुकीबरोबर मी एक कापडी पिशवीही दिली होती. तिच्यात शिशाची पळी, गोळ्यांचा साचा आणि अकरा गोळ्या होत्या. पिशवी मिळाली नाही, कारण पावतीवर फक्त बंदूक लिहिलेली. विचारलं तर टेबलापलीकडचा तरुण कर्मचारी म्हणाला, "काका, साचा म्हणजे दारूगोळा बनवायचं साधन. सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पिशवीचं नाव काढू नका."

साहेब, माझं वय ६४. आजवर माझ्यावर साधा अदखलपात्र गुन्हासुद्धा नाही. त्या दिवशी एस.टी.त बसल्यावर माझे हात थरथरत होते.

तो साचा काय आहे ते सांगतो, कारण मंत्रालयात कुणी पाहिलेला नसेल. दोन पाखांचा लोखंडी साचा, अडकित्त्यासारखा उघडतो. माझ्या पणजोबांनी गावच्या लोहाराकडून आमच्या नळीच्या मापाने करून घेतलेला. बाजारातली कुठलीही गोळी या नळीला बसत नाही, म्हणून घरची ओतावी लागते. चुलीवर पळीत शिसं वितळलं की वर करडी मळी येते. मेणाचा खडा टाकला की ती सुटते, मग काढायची. साचा गार असला तर गोळीला सुरकुत्या पडतात, म्हणून तो आधी चुलीच्या कडेला शेकायचा, आणि पहिल्या दोन-तीन गोळ्या परत पळीतच टाकायच्या. बाबा मला लहानपणी जवळ बसवायचे, पण पाण्याचा तांब्या लांब ठेवायला लावायचे. तापल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर शिसं उडून डोळा जातो. गुळगुळीत, चंदेरी गोळी साच्यातून घरंगळत बाहेर आली की बाबा म्हणायचे, "ही झाली गोळी." वर्षाकाठी फार तर वीस गोळ्या. वनखात्याची परवानगी असेल तेव्हाच त्या वापरायच्या. एरवी गोळी न घालता नुसता बार काढायचा, आवाजाने डुक्कर पळतं.

जन्मठेपेची ती तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. गावठी कट्टे बनवून विकणाऱ्यांना जरब बसावी, हे मलाही मान्य आहे. पण परवान्याच्या बंदुकीसाठी मापाच्या गोळ्या ओतणारा शेतकरी त्याच कलमात बसतो का? बसत असेल तर तसं लेखी कळवा. बसत नसेल तर माझी पिशवी कुठे आहे?

आता आम्हाला दिलेल्या एका वचनाबद्दल. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली, निकाल ४ जूनला. काजू आणि आंब्याचा सगळा हंगाम बंदूक ठाण्यात. माकडांनी कोवळ्या काजूची जी नासाडी केली ती मी डोळ्यांनी बघत बसलो. तेव्हा आम्ही वाडीतले सगळे परवानाधारक एका बैठकीला गेलो होतो. सत्तेतल्या एका वजनदार माणसाने माइकवरून शब्द दिला, की पुढच्या वेळी शेतीसंरक्षणाच्या बंदुका जमा होणार नाहीत. आम्ही टाळ्या वाजवल्या. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला : बंदूक आणून जमा करा.

१५ ऑक्टोबर म्हणजे कोकणात काय असतं, हे कुणाला ठाऊक आहे की नाही? भात पिकून पिवळं झालेलं असतं. पाऊस उघडायची वाट बघत आम्ही कोयत्यांना धार लावत असतो. वसुबारसेच्या रात्री डुकरं आली. मी आणि बायको मांगरात, शेतातल्या खोपीत होतो. ती पत्र्याचा डबा बडवत होती, मी बॅटरी मारून ओरडत होतो. डुकरं मान वर करून बघायची आणि परत खायला लागायची. त्यांना आता डब्याची भीती राहिलेली नाही. खाल्लं त्याच्या दुप्पट त्यांनी लोळून चिखलात घातलं. सकाळी कुणगे (भाताचे वाफे) बघितले तर वालय जातीचं भात चटई अंथरल्यासारखं आडवं. तीस गुंठ्यांत मला सात क्विंटल मिळतं, यंदा दोन मिळालं. बायको मेरेवर, शेताच्या बांधावर बसून रडली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला शेतात रडताना पाहिलेलं नव्हतं.

दोन निवडणुकांचे आचारसंहितेचे दिवस मोजा, १२१ होतात. परत मिळायला लागलेला वेळ धरला तर सव्वाचार महिन्यांच्या वर जातं. आमच्या वाडीत बाबांच्या वेळी १४ परवाने होते, आज ५ आहेत. बाकीच्यांनी हेलपाट्यांना कंटाळून बंदुका देऊन टाकल्या. साऱ्या जिल्ह्यात हेच चाललं असणार. परवाना सोडून द्यावा म्हणूनच हे सगळं चाललंय, असं आता मला वाटायला लागलंय.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ मी पुतण्याकडून वाचून घेतलं. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असं त्यात स्पष्ट आहे. कायदा करणाऱ्यांनी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन शेतकऱ्याचा विचार केला होता. निवडणुकीत बंदुका जमा करण्यावरून २००९ साली मुंबई उच्च न्यायालयात गोव्यातलं असंच प्रकरण गेलं होतं. निवडणूक आयोगाच्या सूचनाही आहेत, की छाननी समितीने एकेक परवाना तपासावा : जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, दंगलीत नाव असलेले कोण ते बघावं. मी यातला कोण? समितीने माझा कागद कधी उघडला? सरसकट निरोप पाठवणं सोपं पडतं, म्हणून पाठवतात.

माझ्या बंदुकीच्या चापाच्या पट्टीवर इंग्रजांचा मुकुट आहे आणि 'टॉवर' अशी अक्षरं आहेत. एनफिल्डच्या घराण्यातली ही फौजी बंदूक. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या एनफिल्ड रायफलींच्या नळ्यांतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, कापून त्या गुळगुळीत केल्या, म्हणजे शिपायाची गोळी लांबवर नेमकी जाऊ नये. पुढे तशाच गुळगुळीत नळीच्या नव्याही बनवल्या. पणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणीत होते, त्यांच्या हातात अशीच बंदूक होती आणि निवृत्तीनंतर त्यांनी ही घेतली. मग १८७८ चा कायदा आला आणि हिंदी माणसाला हत्यारासाठी सरकारच्या दारात उभं केलं. ते परके होते, त्यांना आमची भीती होती. तुम्हाला कसली भीती आहे? आमच्याच मतांवर निवडून यायचं आणि मतदानाच्या महिन्यात आम्हालाच संशयित धरायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? पंचनाम्याला माणूस यायला नऊ दिवस, बंदूक मागवायला तीन दिवस. मुलं मुंबईला का गेली, शेतं पडीक का राहिली, यावर समित्या बसतात. माझ्या मेरेवर येऊन बसा एक रात्र.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. छाननी नावानिशी व्हावी. बंदूक जमा करून घेतलीच तर पावतीवर प्रत्येक वस्तू आणि तिची स्थिती लिहावी. गोळ्या ओतण्याबाबत लेखी खुलासा करावा.

आणि साचा. त्याच्या एका पाखावर पणजोबांनी छिन्नीने एक छोटं त्रिशूळ कोरलं आहे, डाव्या बाजूला, मुठीजवळ. मुद्देमालाच्या खोलीत कुणी शोधायला गेलं तर त्यावरून लगेच ओळखेल. मी सोमवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहे.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग