तिचं ताट तसंच राहिलं

ब्रॅम्प्टन
12 जुलै 2025

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो आई, कळलं आई" म्हणतोस आणि विषय बदलतोस. मग माझं मनातलं मनातच राहतं. म्हणून लिहायला बसले. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, लागू दे. रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवताना जसं एकेक अक्षर लावायचास, तसं एकेक वाक्य लावत वाच.

1 तारखेला, कॅनडा डेला, अंगणात कणसं भाजत होती. तुझे बाबा आणि समोरचे सरदारजी अंकल तेलाच्या पाइपलाइनवरून भिडले होते. तू तुझ्या कॅल्गरीची, म्हणजे आल्बर्टा प्रांताची बाजू घेतलीस, ओटावा म्हणजे केंद्र सरकार आल्बर्टाच्या पैशावर जगतं आणि वर आल्बर्टाचेच हात बांधतं म्हणालास. बाबांनी ट्रान्स माउंटनची आठवण करून दिली. 2018 मध्ये ती पाइपलाइन याच ओटावाने साडेचार अब्ज डॉलर मोजून विकत घेतली, रुंदावण्याचं काम 2024 च्या मे महिन्यात पुरं झालं आणि तोवर खर्च 34 अब्जांवर गेला. तू म्हणालास, सरकारने आधीपासून आडकाठी केली नसती तर एवढा खर्च आलाच नसता. अंकल दोघांनाही समजावत होते. आवाज चढले होते, पण मला बरं वाटत होतं. जेवायच्या वेळी तिघंही एकाच बाकावर बसलात, आणि कोणी हरलं म्हणून कोणाचं तोंड उतरलं नव्हतं. आपल्या घरात असंच बोललं जावं असं मला वाटतं.

मग घरांचा विषय निघाला. भाडी, किमती, तुला कॅल्गरीतही परवडेनासा झालेला फ्लॅट. आणि तू म्हणालास, "ह्या स्टुडंट लोकांनी वाट लावली देशाची. एकेका बेसमेंटमध्ये दहा-दहा जण कोंबलेले. सगळ्यांना परत पाठवायला पाहिजे."

ती तुझ्या मागेच उभी होती रे. आपल्या बेसमेंटमधली. सकाळी सहाला उठून तिने कोथिंबीर वडी केली होती, तुला आवडते असं मीच तिला सांगितलं होतं. तुला मराठी नीट येत नाही म्हणून तू हे इंग्रजीत बोललास, पण इंग्रजी तिलाही येतं. तिने हातातलं ताट हळूच पायरीवर ठेवलं आणि बाजूच्या दाराने खाली गेली. ताटात दोन वड्या आणि अर्धं कणीस होतं. रात्री ते ताट मी घासलं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

तुझं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. 2023 च्या शेवटी या देशात स्टडी परमिटवर, म्हणजे शिकायला येण्याच्या परवान्यावर, दहा लाखांहून जास्त मुलं होती. तेवढी घरं कुठे होती? भाडी वाढली, आणि त्याचा चटका तुझ्या वयाच्या मुलांना बसला, हे खरंच आहे. 2024 च्या जानेवारीत सरकारने परमिटवर मर्यादा घातली तेव्हा मी बाबांना म्हणाले होते, हे आधीच करायला हवं होतं. आजही माझं तेच मत आहे. पण धोरण चुकलं म्हणणं वेगळं आणि त्या धोरणाने आलेल्या मुलीला चूक म्हणणं वेगळं. तू पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी उतरलास ते तुझं तुलाही कळलं नाही.

ती इथे कशी आली ते ऐक. तासगावकडची आहे. वडिलांनी द्राक्षबागेवर कर्ज काढलं. कॉलेजची फी वर्षाला सोळा हजार डॉलर, इथल्या मुलांना लागते तिच्या कितीतरी पट. ती एवढी का? आपल्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने 2019 मध्ये इथल्या विद्यार्थ्यांची फी 10 टक्क्यांनी उतरवली आणि तिथेच गोठवली. तुझं तेव्हा शेवटचं वर्ष होतं, त्या 10 टक्क्यांचा फायदा तुलाही झाला. कॉलेजांना पैसा कमी पडू लागला, आणि तो त्यांनी परदेशी मुलांच्या फीमधून भरून काढला. कोणत्या कॉलेजाने बाहेरची मुलं घ्यायची ते प्रांत ठरवतो, परमिट ओटावा देतं. ओटावाने वर्षानुवर्षं परमिट दिली आणि वरची मर्यादा ठेवलीच नाही. इथे राहण्याच्या खर्चासाठी खात्यात किती पैसे दाखवायचे, तर 10,000 डॉलर. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपासून हाच आकडा होता. तेवढ्यात टोरंटोजवळ वर्ष काढता येत नाही हे आपल्या गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. 2024 च्या 1 जानेवारीपासून तो 20,635 झाला. ही त्याच्या चार महिने आधी येऊन पोचली होती, म्हणजे सरकारने खरा आकडा तिला सांगितलाच नाही.

आणि दुकानांना, गोदामांना माणसं मिळेनात तेव्हा याच मुलांना हाक मारली. आठवड्याला 20 तासच काम करायचं हे बंधन 2022 च्या नोव्हेंबरात उठवलं, 2024 च्या एप्रिलअखेर पुन्हा लावलं, मग 24 तास केलं. ती कॉफीच्या दुकानात पहाटेच्या पाळीला जाते. उणे वीसमध्ये पहाटे साडेचारला बस धरताना मी तिला खिडकीतून पाहिलेलं आहे.

घरांचंही तसंच. फेडरल सरकारने 1993 मध्ये नव्या सोशल हाउसिंगसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशा घरांसाठी, पैसे देणं थांबवलं. तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह होते. नंतर लिबरल आले, त्यांनीही बरीच वर्षं ते तसंच राहू दिलं. एका प्लॉटवर एकच कुटुंब राहील असले नियम शहरांनी धरून ठेवले. त्या वर्षी ती मुलगी जन्मलीही नव्हती, सोनू.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी आम्ही दोघांनी तुझ्यापासून लपवली. तुला काळजी नको म्हणून. बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर 2022 च्या मार्चच्या सुरुवातीपर्यंत पाव टक्का होता, 2023 च्या जुलैत तो 5 टक्के झाला. आपल्या घराच्या कर्जाची मुदत नेमकी त्या ऑगस्टात संपली. नवा करार झाला तो नऊशे डॉलरने वाढलेल्या हप्त्यावर. बाबा दोन रात्री झोपले नाहीत. घर विकायचं का, इथवर बोलणं आलं होतं. मग बेसमेंट भाड्याने द्यायचं ठरवलं आणि सप्टेंबरात ही आली. तिच्या अकराशे डॉलरांवर हे घर उभं आहे. ज्या अंगणात तू ते बोललास तेही त्यातच आलं.

2001 मधलं तुला काही आठवत नसेल, तू तीन वर्षांचा होतास. स्कारबरोतल्या एका बेसमेंटमध्ये आपण राहायचो. खिडकी जमिनीलगत होती, बर्फ पडला की दिवसाही दिवा लावायचा. वर लंकेहून आलेल्या तमिळ बाई राहायच्या, त्यांनी आपल्या मुलाचा जुना स्नोसूट तुला दिला. निळा होता, बाहीला ठिगळ. बाबा पुण्यात इंजिनिअर होते. इथे जिथे जातील तिथे "कॅनेडियन अनुभव आहे का" हाच प्रश्न, म्हणून आठ महिने एका कारखान्यात रात्रपाळीला खोकी भरत होते. एकदा बसस्टॉपवर मी तुला कडेवर घेऊन उभी होते. एक माणूस जवळ आला आणि म्हणाला, तुम्ही लोकांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या, परत जा. मला तेव्हा इंग्रजीत उत्तर देता आलं नाही. मी तुझी टोपी कानावर ओढली. तू ऐकू नयेस म्हणून.

परवा तेच वाक्य तुझ्या तोंडून ऐकलं. मला काय झालं असेल ते तूच बघ.

तू म्हणशील, आई, तुम्ही नियमाने आलात. तीही नियमानेच आली आहे. नियम कच्चे होते, पण ते तिने केलेले नाहीत. तिला मतही नाही. तुला आहे. आणि ते तू एप्रिलच्या निवडणुकीत दिलं नाहीस. लाइन मोठी होती म्हणून परत फिरलास. त्या दिवशी मी काही बोलले नाही, आज बोलते.

आम्ही दोघं गुड फ्रायडेलाच, 18 एप्रिलला जाऊन मत देऊन आलो. शाळेच्या जिममध्ये केंद्र होतं आणि रांग पार्किंगपर्यंत आली होती. त्या चार दिवसांत देशभरात 73 लाख लोकांनी आगाऊ मत दिलं. रांगेत दीड तास काय चर्चा चालली होती म्हणून सांगू! माझ्या पुढच्या आजी पोर्तुगालहून पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या, त्यांना ट्रम्पच्या आयात कराची धास्ती, नातू गाड्यांच्या कारखान्यात आहे म्हणून. मागे एक तरुण नर्स होती, ती म्हणे घरांची संख्या आणि येणाऱ्या माणसांची संख्या यांची सांगड घालायला हवी, कॉन्झर्व्हेटिव्हांचे पॉलिएव्ह तेच म्हणतात आणि मी त्यांनाच मत देणार. आजी म्हणाल्या, लिबरलांचे कार्नीसुद्धा तात्पुरत्या रहिवाशांचं प्रमाण 2027 अखेर लोकसंख्येच्या 5 टक्क्यांखाली आणणार म्हणतात, मग फरक काय? नर्सने फरक समजावून सांगितला. दोघींचं एकमत झालं नाही. पण दाराशी पोचल्यावर नर्सने आजींची पिशवी धरली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं. बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी व्हावी असं त्या नर्सचं स्पष्ट मत होतं, आणि ते मांडताना तिने कोणाचाही अपमान केला नाही. मी पाहिलं आहे म्हणून सांगते, असं बोलता येतं.

मला आजही पहिलं मतदान आठवतं, 23 जानेवारी 2006, भर बर्फात. भारतीय पासपोर्ट परत करताना हात थरथरला होता, कारण दोन्ही देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही. त्या बदल्यात जे मिळालं ते म्हणजे तो कागद, नावापुढचं पांढरं वर्तुळ आणि पेन्सिल. बोटाला शाई नाही, मशीन नाही. पेन्सिलने फुली मारली आणि मला वाटलं, आता या देशात काही बिघडलं तर त्यात माझाही वाटा आहे. तुला हे जन्माच्या हक्कासारखं मिळालं म्हणून त्याचं वजन तुझ्या हाताला लागलं नसेल. या वेळी क्युबेकमधल्या तेरबॉन मतदारसंघात फेरमोजणीनंतर फक्त 1 मताने निकाल लागला. एका बाईने पोस्टाने पाठवलेलं मत, निवडणूक कार्यालयाने छापलेल्या पिनकोडमध्येच चूक असल्यामुळे, तिच्याकडे परत आलं. त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. एक मत मोजलं गेलं नाही, त्यावरून एवढं झगडणं झालं.

तुझा राग मला समजतो. तो राग घेऊन जायला जागा आहेत. आपल्या खासदाराला ओटावाला पत्र पाठवायला तिकीटसुद्धा लागत नाही. ऑनलाइन अर्जावर 500 सह्या झाल्या आणि एखाद्या खासदाराने तो सभागृहात मांडला, की 45 दिवसांत सरकारला लेखी उत्तर द्यावंच लागतं. घरांबद्दल लिही, फीबद्दल प्रांताच्या आमदाराला लिही. परमिट अजून कमी करा असं लिहायचं असेल तर तेही लिही. मी तुझ्याशी वाद घालेन, पण मला राग येणार नाही.

आपल्या बेसमेंटमधल्या मुलीचा अभ्यासक्रम एप्रिलमध्ये संपला. कामाच्या परमिटसाठी इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यावी लागली, आधीच्या निकालाची दोन वर्षांची मुदत संपली होती. अर्ज केला आहे, उत्तराची वाट बघते आहे. त्या दिवसानंतर ती वर आली नव्हती. काल मी वरणभात घेऊन खाली गेले. तिने सामान दोन खोक्यांत बांधायला घेतलं होतं. "काकू, मी ऑगस्टपासून दुसरीकडे बघू का?" म्हणाली. तुझं नाव काढलं नाही. मी खोकी सोडवली आणि कपडे पुन्हा कपाटात लावले. ती काही बोलली नाही, पण अडवलंही नाही.

गणपती 27 ऑगस्टला आहेत. तू आदल्या दिवशी येणार म्हणालास. आल्या आल्या बॅग वर टाकायच्या आधी बाजूच्या दाराने खाली जा आणि दार वाजव. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. मराठी अडलं तर इंग्रजीत बोल. या वर्षी उकडीचे मोदक तीच वळणार आहे, माझ्या हाताला आता पाकळ्या नीट येत नाहीत. नारळ तू खवायचा आहेस.

जॅकेट आण, रात्री गार होतं. बाबांचा आशीर्वाद. ते म्हणाले, पाइपलाइनचा हिशेब त्यांनी कागदावर मांडून ठेवलाय, तू आल्यावर दाखवतील.

तुझी,
आई