बाबा, मनात आलं म्हणजे पाप झालं असं नाही

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

आई, परवा तू फोनवर हळू आवाजात सांगितलंस की बाबांनी तीन महिने चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलेलं नाही. भाकरीचं ताट पुढं आलं की मान खाली घालून बसतात. तू फारच मागं लागलीस तेव्हा एवढंच म्हणाले, "धाकट्या भावाच्या उसाला आग लागावी असं माझ्या मनात आलं. असल्या तोंडानं प्रभूच्या मेजावर कसा जाऊ?"

ते ऐकल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. बाबा, आधी माझं ऐका. हे अजून तुम्हाला सांगितलेलं नाही.

मार्केट यार्डात आता गुळाचे सौदे जोरात आहेत. गेल्या महिन्यात एका मंगळवारी राधानगरीकडचा एक शेतकरी उचलीचे 10,000 रुपये परत द्यायला आला. एसटी चुकेल म्हणून पावती न घेताच गेला. तेवढ्यात हमाल गुळाचे रवे मोजून द्यायला आले आणि वहीत नोंद करायची राहिली. रात्री गल्ला मोजला तर 10,000 जास्त. कशाचे ते लगेच आठवलं. त्याच क्षणी हेही आठवलं, की थोरलीची फी भरायची आहे.

फी आठवली ते पाप नव्हतं, असं मी आज म्हणतो. पण मी ते बंडल खालच्या खणात सरकवलं आणि "उद्या नोंद करू" म्हणालो. रात्री अंथरुणावर पडून हिशोब केला: फीचे सात, उरलेल्या तीनमध्ये किराणा. बुधवारी खण दोनदा उघडून पाहिला. संध्याकाळी बंडल डब्याच्या पिशवीत घातलं, चटणीच्या डब्याखाली, वर रुमाल. तेव्हा माझे हात थरथरत नव्हते, बाबा. त्याचीच आज मला जास्त भीती वाटते.

घरी पिशवीतून डबा काढताना बायबलातला आखान आठवला. यरीहोच्या लुटीतला झगा, 200 शेकेल चांदी आणि 50 शेकेलची सोन्याची वीट त्यानं तंबूत जमिनीत पुरली होती. यहोशवासमोर कबुली देताना त्यानं क्रमही सांगितला: पाहिलं, लोभ धरला, घेतलं, लपवलं. माझाही क्रम तोच, फक्त तंबूऐवजी चटणीचा डबा.

गुरुवारी सकाळी पैसे शेठजींच्या पुढं ठेवले आणि म्हणालो, "नोंद करायची विसरलो होतो." म्हणजे पैसे परत केले आणि खोटं बोललो. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे ना, वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते आणि पाप वाढलं की मरण आणतं. माझ्या पापाला दोन दिवसांत दुसरं पोर झालं होतं. शनिवारी पुन्हा जाऊन खरं सांगितलं. शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. आता रात्रीचा गल्ला आम्ही दोघं मिळून मोजतो. बरोबरच आहे ते.

त्यानंतरच्या रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये योगायोगानं हाच शास्त्रभाग होता. पाळकसाहेबांनी सांगितलं, 'भुलवला जातो' याला मूळ ग्रीकमध्ये आमिषावरून आलेला शब्द आहे. मला एकदम तुम्ही दिसलात, वारणेच्या काठावर कणकेची गोळी बोटांत मळून गळाला लावताना. कणकेचा वास पाण्यात पसरला म्हणून मासा मरत नाही, असं तुम्हीच शिकवलंत. तो जवळ येतो, हुंगतो, कधी शेपटी मारून निघूनही जातो. तोंड उघडलं की मग गळ.

आणि देव कुणाला मोहात पाडत नाही, हेही याकोब तिथंच बजावतो. परिस्थितीच तशी होती, फी होती, असं मला म्हणता येणार नाही. पण नुसता मोह समोर येणं हा दोष असता, तर 40 दिवस रानात उपाशी राहिलेल्या प्रभूला काय म्हणायचं? इब्री लोकांस पत्रात स्पष्ट लिहिलंय, सर्व प्रकारे तो आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला.

तुम्ही म्हणाल, डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनं भावावरच्या रागालाही न्यायाला पात्र ठरवलंय. खरंय. तुमची भीती खोटी नाही, आणि त्या भीतीबद्दल मला तुमचा आदर वाटतो. पण उसाला आग लागावी हे तुमच्या मनात पहिल्यांदा आलं तेव्हा तुम्ही दचकलात, हे मी तुमच्यावरून ओळखतो. मला काळजी आहे ती पुढची. आई सांगते, रोज संध्याकाळी तुम्ही काकांनी कोरलेला तो बांध बघायला जाता आणि पावलं टाकून किती गेला ते मोजता. बाबा, दावीद राजाही संध्याकाळीच गच्चीवर फिरत होता. बथशेबा नजरेला पडली तिथंच तो खाली उतरला असता, तर तिचा नवरा उरीया जिवंत राहिला असता. बांधावर रोज जाणं म्हणजे त्या विचाराला रोज कणीक घालणं आहे. मी खण दोनदा उघडला होता, त्यातलंच हे.

आणि भावाचा विषय काढल्यावर लगेच प्रभू काय सांगतो? तुझी भेट वेदीपुढं ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन भेट अर्पण कर. 'मग ये' असं आहे, बाबा. पौलही करिंथकरांना तेच लिहितो: माणसानं स्वतःची पारख करावी आणि मग ती भाकर खावी. तीन महिने तुम्ही पारखच करताय.

येत्या शनिवारी दुपारच्या एसटीनं कोडोलीला येतो. आईसाठी नव्या गुळाची ढेप आणतो, तिच्या पोळ्यांना लागेल. चहा झाला की आपण दोघं काकांकडं जाऊ. बांधाचं मी बोलीन, मोजणी मागवायची तर मागवू. तुम्ही नुसते सोबत बसा. तोवर तिकडं फिरायला जाऊ नका. आणि शनिवारीही बांधावरून नको, रस्त्यानं जाऊ.

तुमचा,
थोरला