गुरुवारी फोन का उचलला नाही

चि. सोन्या,

गुरुवारी तू अकरा फोन केलेस, मग वॉचमनला वर पाठवलंस, त्याने कुलूप बघून तुला कळवलं आणि संध्याकाळी तू बाबांना जे काही बोललास ते राहूदे आता. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून लिहितेय.

आम्ही वाईजवळ मेणवलीला गेलो होतो. बाबांना 75 पूर्ण झाली ना, एसटी फुकट, माणूस नुसता उधळलाय. 2022 ला ही सवलत निघाली तेव्हापासून दिवस मोजत होते रे! वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेट (ते सरकते जिने संपतच नाहीत, मी बाबांचा शर्ट धरून उभी राहते), तिथून वाईची गाडी. कंडक्टरने आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट दिलं ते बाबांनी चष्म्याच्या घरात ठेवलंय, कोणी आलं की काढून दाखवतात. मला बायकांचं हाफ तिकीट, म्हणजे प्रवासात मीच महाग पडते.

सोबत बी विंगमधल्या काकू होत्या. काका गेल्यापासून त्या दूध घ्यायला तेवढं दार उघडायच्या. बेत खरं तर बाबांचा आणि काकांचा, दोघांचं तिकीट फुकट झालं की पहिली मेणवली. काकांचं चार महिन्यांसाठी हुकलं. मग बाबाच खाली गेले आणि म्हणाले, वहिनी चला, तुमचं हाफ मी काढतो. बाबा स्वतःहून पैसे काढतायत म्हटल्यावर त्यांना हसू आलं आणि आल्या.

नाना फडणवीसांचा वाडा बघितला, वसईहून आणलेली ती पोर्तुगीज घंटा बघितली, तिथे बाबांचं चिमाजी अप्पांवर लेक्चर झालं, ते तुला पाठ आहे. मग घाटावर डबे उघडले. काकूंनी थर्मासमधून चहा ओतला, बिनसाखरेचा, काकांना डायबेटिस होता ना, सवयीने तसाच केलेला. कप पुढे करताना त्यांच्या लक्षात आलं आणि हात तिथेच राहिला. बाबांनी तो कप घेतला, सगळा प्यायले, वर अजून अर्धा मागितला. तीन चमचे साखर घालणारा माणूस. येताना काकू खिडकीला डोकं टेकून स्वारगेटपर्यंत झोपल्या.

माझा फोन सकाळी पूजेला बसताना सायलेंट केला तो तसाच राहिला, बाबांचा घरी चार्जिंगला. चूक आमची, कबूल. पण त्यावरून बंगलोरला कायमचे या हे परत काढू नकोस, तुझ्या एकविसाव्या मजल्यावर आम्ही दोघं टीव्हीशी काय बोलणार?

पुढच्या गुरुवारी जेजुरी, काकूच म्हणाल्या. पायऱ्या चढून उतरेपर्यंत फोन करू नकोस. आणि वॉचमनला सॉरी म्हण, त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि त्याचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट आहे.

आई