गाडी बदलली नाही, त्याबद्दल

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथे अमेरिकेत मी खुशाल आहे. बाकी दिनक्रम तुम्हांला ठाऊकच आहे. बाबा, शेजारच्या मित्राने मोठी पिकअप घेतल्याचे कळल्यापासून तुम्हांला माझ्या 2012च्या टोयोटा कोरोलाची काळजी लागली आहे. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो.

त्याची पिकअप, फोर्ड एफ-150, मी चालवून पाहिली आहे आणि गाडी उत्तम आहे. मात्र ती जवळजवळ 5.9 मीटर लांब आणि 2 टनांहून जड. कोरोला साडेचार मीटरची, सव्वा टनाची. पिकअपमध्ये उंचावरून दूरचा रस्ता छान दिसतो, पण बॉनेटच्या अगदी पुढे उभे असलेले लहान मूल दिसत नाही, आणि आमच्या आवारात मुले सतत खेळत असतात. पेट्रोलचे म्हणाल, तर कोरोला लिटरला साधारण 12 किलोमीटर जाते आणि पिकअप 8 ते 9.

इथली एक रीत मात्र मला समजायला वेळ लागला. आपल्याकडे पिकअप मालासाठी घेतात. इथे लोक तिच्यातून एकटेच कामावर जातात आणि मागचा उघडा हौदा बहुधा रिकामा असतो. हिवाळा आला की त्याच हौद्यात वाळूची पोती टाकतात. इंजिनाचे वजन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे हौदा रिकामा असला की मागची चाके हलकी पडून बर्फावर जागीच फिरतात. पोती मागच्या अ‍ॅक्सलच्या वरच ठेवावी लागतात, कारण पार टोकाला ठेवली तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड कमी होते. शिवाय ती घट्ट बांधावी लागतात, नाहीतर ब्रेक दाबताच पुढे सरकतात. मित्राला मदत करताना मी एक पोते उचलले, तर आतली ओली वाळू गोठून दगड झाली होती. कोरोलाचे इंजिनही पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना, त्यामुळे हा खटाटोप करावा लागत नाही.

आता सुरक्षिततेचे. जड गाडी आदळली तर हलक्या गाडीतील माणसाला जास्त लागते, हे खरेच आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. परंतु कोरोलाला 6 एअरबॅग आहेत, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारे एबीएस आहे, गाडी घसरू लागली की सावरणारे स्टॅबिलिटी कंट्रोलही आहे. इथे 2012च्या मॉडेलपासून ते प्रत्येक नव्या कारला सक्तीचे झाले. बर्फाचे टायर मी थंडीआधीच बसवले आहेत आणि वादळाचा इशारा असेल तेव्हा घरूनच काम करतो. तेव्हा आईने रात्री जागू नये.

पिकअप घेतली असती तर कित्येक वर्षे हप्ते फेडावे लागले असते. तेच पैसे आता दरमहा तुमच्या खात्यावर येतील. ताईच्या लग्नात हात आखडता घेऊ नका. मला मात्र लग्नाच्या जेमतेम आदल्या दिवशी पोहोचता येईल. सगळी धावपळ बाबांवर पडणार आणि मी नुसते पैसे पाठवणार, याचे फार वाईट वाटते. माझ्यासाठी आलेल्या स्थळाकडून गाडीची चौकशी झाली, तर जुनी कोरोला आहे आणि ती एवढ्यात बदलणार नाही, असे स्पष्ट सांगावे.

आपला,
बाळू