पोलित्सिआनोचं काम कुठे गेलं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, पंधराव्या शतकातला इटालियन कवी आणि विद्वान पोलित्सिआनो याच्यावरचा पानभर लेख वाचला. विषय निवडलात याबद्दल आभार. पण निम्म्याहून अधिक मजकूर आर्सेनिक या विषावर का खर्चावा? 2007 मध्ये फ्लॉरेन्सच्या सान मार्को चर्चमधून काढलेल्या त्याच्या अवशेषांत ते सापडलं, हे खरं. तेवढ्याने विषप्रयोग सिद्ध होत नाही. आणि जुन्या ग्रंथांच्या पाठांची चर्चा करणाऱ्या त्याच्या 1489 च्या 'मिसेलानिया' या पुस्तकाची बोळवण मात्र 'काही विद्वत्तापूर्ण टिपणं' एवढ्यावर!

त्यातलं पंचविसावं प्रकरण तरी लेखकाने उघडायला हवं होतं. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो याने स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांच्या दोन पोथ्या फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या संग्रहात होत्या. एक नवव्या शतकातली, दुसरी तिचीच 1392 मधली नक्कल. बांधणी करणाऱ्याने या नकलेतली पानांची एक जुडी भलत्याच जागी शिवली आणि पत्रांचा क्रम बिघडला. नंतरच्या पोथ्यांत सगळी पानं जागच्या जागी, तरीही मजकूर नेमका तिथेच तुटतो आणि भलतीकडे जोडला जातो. त्यावरून पोलित्सिआनोने ताडलं की या पोथ्या त्या चुकीच्या बांधलेल्या नकलेवरूनच उतरल्या आहेत. मग अशा पन्नास पोथ्या एकच पाठ देत असल्या तरी साक्षीदार एकच, आणि तोही ऐकीव. पाठ ठरवायचा तो नवव्या शतकातल्या पोथीवरून. पुढे भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तीही पोथ्यांची कुळं लावूनच. आपल्या वाचकांना हे अवघड गेलं नसतं.

'दरबारी कवी' म्हणून त्याला निकालात काढणंही अन्यायाचं आहे. 1480 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1494 पर्यंत, तो फ्लॉरेन्सच्या विद्यापीठात ग्रीक-लॅटिन ग्रंथ शिकवत होता. त्याचं 'स्तांत्से' हे काव्य अपुरं राहिलं ते लेखात म्हटल्याप्रमाणे आळसामुळे नव्हे. ज्या जुलिआनो मेदिचीच्या 1475 मधल्या भाल्यांच्या झुंजीवर ते काव्य रचलं जात होतं, त्याचाच 26 एप्रिल 1478 रोजी कॅथेड्रलमध्ये खून झाला.

जाता जाता, चित्राखालची ओळही चुकली आहे. जुलिआनोचा भाऊ लोरेन्झो मेदिची याच्या मुलांना, म्हणजे आपल्या शिष्यांना, घेऊन जिना चढणारा पोलित्सिआनो चित्रकार गिर्लांदायोने रंगवला तो फ्लॉरेन्सच्याच सांता त्रिनिता चर्चमधल्या सासेत्ती चॅपेलमध्ये. तुम्ही छापलेलं चित्र सांता मारिया नोव्हेला या दुसऱ्या चर्चमधलं आहे. त्यात तो फिचिनो आणि लांदिनो या विद्वानांबरोबर उभा आहे, शिष्य त्यात नाहीत. दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे