हात मागे

कोल्हापूर, मंगळवार पेठ
रविवार, दुपार

प्रिय संज्या,

परवा फोनवर पोटभर हसून घेतलंस आणि मग विचारलंस, "बरं, पण तू दिवसभर तिथं नक्की करतोस काय?" मी म्हटलं, "बघतो." तू परत हसलास. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. पण 'बघतो' म्हणजे काय हे सांगायला दोन-तीन पानं लागतात, आणि फोनवर तू ऐन वेळी "थांब, गेटवर गाडी आलीय" म्हणतोस. म्हणून पत्र.

फौंड्री सोडून मी बालवाडीत कसा आलो, याची सुरुवात तुला अर्धीच ठाऊक आहे. धाकटीच्या बालवाडीत पालकसभेला गेलो होतो. ताई बोलत होत्या आणि माझं लक्ष मांडणीवरच्या गुलाबी ठोकळ्यांवर. दहा घन, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहाचा, मधले एकेक सेंटिमीटरनं चढते. गुलाबी मनोरा म्हणतात त्याला. पण तो कुठल्या तरी सुतारानं नजरेनंच कापलेला. सभा संपल्यावर मी बॅगेतला मापाचा व्हर्नियर काढला (हस, हस), तर सातचा ठोकळा ६.८ भरला आणि सहाचा ६.३. ताईंना म्हटलं, "या दोघांतला फरक पोराला कळणार कसा?" त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच करून द्या की."

झालं. फौंड्रीत लाकडी नमुने करणाऱ्या पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींना गळ घातली. ठोकळे तयार झाले, रविवारी घरात बसून मी ते रचून बघत होतो, आणि एक गोष्ट लक्षात आली. मनोरा मधोमध न रचता एका कोपऱ्याला जुळवून रचला, तर प्रत्येक पायरीवर बरोबर एक सेंटिमीटर जागा उरते, आणि सगळ्यात बारका ठोकळा त्या जागेवर चपखल बसतो. म्हणजे तो ठोकळा अख्ख्या मनोऱ्याचं माप तपासणारा गेज आहे! मी शिरोलीच्या फौंड्रीत सोळा वर्षं क्यूसीत, म्हणजे माल तपासण्यात काढली, आणि इथं कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी तीन वर्षांच्या पोरासाठी इन्स्पेक्शनची सोय करून ठेवलेली. त्या रात्री झोप लागली नाही. बायकोला वाटलं, ॲसिडिटी.

ती 'कुणीतरी' म्हणजे मारिया माँटेसरी. १८७० सालची, इटलीतली, शिक्षणानं डॉक्टर. मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या पोरांवर आधी काम केलं, इटार्ड आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचं साहित्य अभ्यासलं, आणि ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. ते निघालं कशामुळं, माहितेय? मालकांनी जुन्या चाळी दुरुस्त करून घेतल्या होत्या. आईबाप कामाला, आणि मागं राहिलेली पोरं भिंती-जिने खराब करत हिंडायची. भिंती वाचवायला पोरं कुणीतरी एका खोलीत सांभाळा, एवढाच मालकांचा हिशेब. पुढं १९३९ साली बाई भारतात आल्या, मद्रासला अड्यारला. महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यावर इंग्रजांनी त्यांच्या मुलाला, मारिओला, कैदेत टाकलं. कुठं? तुझ्या सासुरवाडीला, नगरला! १९४० च्या ऑगस्टमध्ये बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला सोडलं त्याला. पुढच्या वेळी सासरेबुवांशी बोलायला विषय नसला तर हा घे.

मग मी माँटेसरीचा कोर्स केला. कोर्सला सव्वीस बायका आणि मी. मला 'सर' म्हणायचं का 'भाऊ', यातच पहिला आठवडा गेला. शिकवायचे काय, तर खुर्ची आवाज न करता उचलून ठेवणे. चटई गुंडाळणे. पाण्याचा तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात देणे. प्रत्येक कृतीची फाइल करायची, हातानं चित्रं काढून. माझी ड्रॉइंगं बघून शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "याला सेक्शन व्ह्यू कशाला?" पण कृती दाखवताना मी चार वेळा नापास. का, तर बोलतो फार. पोराला बटण लावून दाखवायचं तर तोंड बंद ठेवून दाखवायचं. ते एक तर तुझ्या हाताकडे बघेल, नाहीतर तोंडाकडे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर फौंड्रीत किती ट्रेनी सुखानं शिकले असते.

आता मुद्द्याचं. दट्ट्यांची पेटी म्हणून एक साहित्य आहे. लाकडाच्या लांब ठोकळ्यात दहा भोकं, त्यात दहा दट्टे, प्रत्येकाला वर छोटी मूठ. मूठ तीन बोटांनी धरावी लागते. पुढं पेन्सिल धरायची पकड तीच. सगळे दट्टे काढायचे, मिसळायचे आणि परत आपापल्या भोकात घालायचे. बारका दट्टा मोठ्या भोकात जातो, कुणी काही म्हणत नाही. पण शेवटी हातात एक जाडा दट्टा उरतो आणि समोर बारकं भोक. आपला गो–नो गो गेज, संज्या, बसलं तर पास, नाहीतर नापास! 'चुकलास' म्हणायला माणूस लागतच नाही.

आमच्याकडे एक पावणेचार वर्षांचा आहे. आजोबा तालमीतले, म्हणून सगळे त्यालाही पैलवानच म्हणतात. तो पेटी घेऊन बसला होता, मी शेजारी. शेवटचा दट्टा उरला. त्यानं तो भोकावर ठेवला, दाबला, फिरवला, मुठीनं वरून एक ठोसा दिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ह्यो बसंना." आणि माझ्या हाताला सोळा वर्षांची सवय. मी बोटानं तिसरा दट्टा उचलला आणि योग्य भोकाकडे सरकवला. एवढंच. त्यानं माझ्या बोटाकडे बघितलं, हातातला दट्टा चटईवर ठेवला आणि उठून खिडकीत जाऊन रिक्षा बघत उभा राहिला. नऊ दिवस त्यानं त्या पेटीला हात लावला नाही. ताईंनी वहीत तारीख टाकली आणि मला म्हणाल्या, "दादा, उद्यापासून हात मागे."

तेव्हापासून मी हात मागे बांधून उभा असतो. शाळेत 'हात मागे, तोंडावर बोट' ही आपल्याला शिक्षा असायची, आठवतं? आता ती माझी नोकरी आहे.

दहाव्या दिवशी पैलवानानं स्वतःहून पेटी आणली. परत एक दट्टा उरला. बराच वेळ तो नुसता भोकांत बोट घालून बघत बसला, एकेका भोकात, तळापर्यंत. मग सगळे दट्टे काढले आणि नव्यानं सुरुवात केली. या वेळी बसले. मला वाटलं, आता टाळी तरी वाजवेल. त्यानं पेटी परत रिकामी केली. सात वेळा, मी मोजलं. माँटेसरीबाईंनी रोममधल्या एका चिमुरडीचं लिहून ठेवलंय: तिनं हेच काम चाळिसावर वेळा केलं, मध्ये तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, बाकीच्या पोरांना गाणं म्हणायला लावलं, तरी तिचं चाललेलंच. वाचताना मला वाटलं होतं, बाई जरा वाढवून सांगताहेत. आता तसं वाटत नाही. चाळीस नसतील, पण आमचा पैलवान सातव्यांदा पेटी ठेवून उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दमल्याची खूण नव्हती. उलट आंघोळ करून आल्यासारखा दिसत होता.

शब्द शिकवायची पद्धतही तशीच, तीन पायऱ्यांची. आधी आपण सांगायचं: हा मोठा, हा लहान. मग विचारायचं: मोठा कुठला? आणि शेवटी बोट ठेवून: हा कोण? तिसऱ्याला पोर चुकलं, तर दुरुस्त करायचं नाही. साहित्य ठेवून द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. माझ्या परीक्षेच्या वेळी समोरची पोरगी दहाच्या ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो दांडगा." मी मान हलवली आणि पुढं गेलो. परीक्षक बाईंनी मार्क कापले, 'मोठा' म्हणून घ्यायला हवं होतं म्हणे. मला ते अजून पटलेलं नाही. तिला फरक कळलाय, शब्दही तिच्या आजीचा आहे. 'मोठा' येईलच, तो काय पळून चाललाय?

अक्षरांचं तर वेगळंच. पॉलिश पेपरची अक्षरं कापून पाटीवर चिकटवायची, पोरं त्यावरून दोन बोटं फिरवतात आणि नाव नाही, आवाज म्हणतात. मी आधी १२० नंबरचा खरखरीत पेपर वापरला, पोरांची बोटं लाल झाली. मग २२० वर आलो. पुढं सुट्या अक्षरांची पेटी येते. लिहिता येण्याआधीच पोरं शब्द मांडतात. गेल्या महिन्यात एका पाच वर्षांच्या बाईसाहेबांनी 'मिसळ' मांडायला घेतलं. (कोल्हापूरच आहे हे, 'कमळ' कोण मांडतो?) तिनं म ठेवला. मग आवाज ऐकला, म नंतर इ, म्हणून वेलांटी म च्या उजवीकडे ठेवली. मग स, मग ळ. चटईवर झालं 'मसिळ'. ऐकायला तिचं शंभर टक्के बरोबर. पहिली वेलांटी ऐकू नंतर येते आणि लिहायची आधी, यात चूक तिची का लिपीची? तू इंजिनियर, तू सांग. मी हात मागेच ठेवले. सोमवारी ती आली ती तक्रार घेऊनच: "दादा, काल पप्पांबरोबर गेलो तिथल्या पाटीवर मिसळ चुकीची लिवल्या." दोन दिवस तिनं वेलांटी कधी इकडे, कधी तिकडे ठेवून बघितली. बुधवारी तिनं पाटीवाल्याला माफ केलं.

सगळं गोडच आहे असं समजू नको. कोर्सच्या आधी तीन महिने एका प्लेस्कूलमध्ये होतो, नाव नको. तिथं गॅदरिंगला पालकांना दाखवायचं म्हणून अडीच वर्षांच्या पोरांचा हात धरून ए बी सी डी गिरवून घ्यायचे. मी सोडलं, तेव्हा पगार बुडवला. इथला पगार फौंड्रीच्या निम्मा आहे, घर सध्या हिच्या शिवणकामावर चाललंय, आणि आई अजून पाहुण्यांना 'शिरोलीतच आहे' म्हणून सांगते. बाप्या माणूस बघून एक-दोन पालक बिचकलेही. त्यांचं चूक नाही. शी-शूला न्यायचं काम फक्त मावशींनी करायचं, हा नियम मीच मागून घेतला, त्यानं मलाही मोकळं वाटतं. एकानं विचारलं, "फी भरून पोराला फरशी पुसायला लावताय?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात पैलवानाचे आजोबा म्हणाले, "आमी दोन वर्सं नुसता हौदा उकरला, मग वस्तादानं लंगोट दिला." त्यावर तो गृहस्थ गप्प झाला. पटलं म्हणून का आजोबांचे दंड बघून, ते मात्र कळलं नाही.

आता काम. साहित्य फार महाग पडतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा शिंपले, गोटे, बिया, मिळेल त्यातून साहित्य केलं. मी जोंधळे आणि भुईमुगाच्या शेंगांवर भागवतो. पण मला नट-बोल्टची एक पाटी करायचीय. तुझ्या शॉपमधले रिजेक्ट बोल्ट आण: एम ८, १०, १२, १६ आणि २०, प्रत्येकी दोन, नटासकट. आटे मात्र नीट हवेत, हातानं सरळ फिरले पाहिजेत. गंजके नको, तेलकट नको, आणि कडा नीट घासून आण. आमच्यातली बारकी पोरं आधी जिभेला लावून बघतात.

तुझा,
विन्या