थडग्यावर फक्त सासरचे नाव

महोदय,

जालना, हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) इथल्या जुन्या छावण्यांतील गोऱ्यांच्या कबरींचे फोटो हल्ली मोबाइलवर फिरतात. सोबत ‘या बाई अमुक लॉर्डच्या घराण्यातल्या’ अशी तयार वंशावळही असते. आडनाव जुळले की घराणे जुळवले! पण विवाहित बाईच्या दगडावर आडनाव असते ते नवऱ्याचे. तिचे माहेर शोधायचे तर थडग्यापासून एकेक पिढी मागेच जावे लागते.

आधी दगड नीट वाचावा. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू नको. साधे पाणी आणि सकाळचे तिरपे ऊन पुरते. झिजलेले 3 आणि 8 फसवतात. अक्षरे गेलीच असतील तर निजाम राज्यातील थडग्यांवरील लेखांची क्रॉफ्टन यांची 1941 ची यादी पाहावी. ‘ट्वेंटी-फोर्थ इयर’ म्हणजे चोविसावे चालू, वय 23. अशी बाई मार्च 1860 मध्ये वारली असेल तर जन्म मार्च 1836 ते मार्च 1837 मधला.

मग लग्नाची नोंद. लग्न इकडेच झाले असेल तर ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात मिळू शकते. लोक तिथली मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींची एन/3 मालिका चाळत बसतात. जालन्याची फौज मद्रासची होती, म्हणून आधी मद्रासची एन/2 पाहावी. वधू विधवा असेल तर तिथले आडनावही पहिल्या नवऱ्याचेच, हे विसरू नये.

खरी अडचण पुढे येते. इंग्लंडात सरकारी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 पासूनची, म्हणजे वरच्या बाईचा जन्मदाखला नाहीच. उरतो चर्चमधला बाप्तिस्मा. 1813 पासूनच्या छापील नमुन्यात आईबापाचे नाव, राहते गाव, बापाचा धंदा असतो, पण आईचे माहेरचे आडनाव नसते. अशा वेळी 1837 नंतर जन्मलेले धाकटे भावंड शोधावे. त्याच्या दाखल्यात ते आडनाव असते. नोंदणीला 42 दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरातले मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीच्या सूचीतही सापडू शकते. आडनाव मिळाले की आईबापाचे लग्न शोधावे, तेही आधी वधूकडच्या गावच्या चर्चमध्ये. 1754 पासून तिथे साक्षीदारांच्या सह्या आहेत आणि त्यांत पुष्कळदा भाऊबहीण निघतात.

शिरगणतीतले वय जपून घ्यावे. 1841 मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत. 24 चे 20 होई. जन्मगाव 1851 पासून मिळते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीसारखी सगळ्या पिढ्यांची एकच वही तिकडे नाही.

आपल्या पत्राने अशा कबरींचा फोटो छापताना दगडावरचा मजकूर ओळीनुसार, जसाच्या तसा द्यावा. ‘कन्या अमुकची’ एवढी ओळ कापली गेली तरी माहेराचा हाताशी आलेला धागा जातो.

— दोन वाचक, जालना